एकाधिकारशाहीत पर्यावरणाचे कायदे लवकर होतात का?

संमत होण्यापुरते पाहिले तर होतात. अंमलबजावणीचे मात्र तसे नाही. चीनने पर्यावरण संरक्षणाचा प्रायोगिक कायदा १९७९ मध्येच केला, तरीही प्रदूषण थांबेपर्यंत दररोज वाढत जाणाऱ्या दंडाची तरतूद पुढे त्याची जागा घेतलेल्या कायद्यात १ जानेवारी २०१५ पासूनच लागू झाली. याउलट भारतात पाणी हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांच्या अधिकारातील, विषय असल्यामुळे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यासाठी संसदेला राज्यघटनेच्या कलम २५२ नुसार आधी राज्य विधिमंडळांचे ठराव मिळवावे लागले (महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता). वेगापेक्षा मला दाद मागण्याचा हक्क अधिक मोलाचा वाटतो: नदी नासवणाऱ्या कारखान्याविरुद्ध, आणि डोळेझाक करणाऱ्या शासनाविरुद्धही, आपल्याकडे कोणीही नागरिक उच्च न्यायालयात जनहित याचिका करू शकतो, तर चीनमध्ये तशी मुभा एकट्या व्यक्तीला नाही: कारखान्याविरुद्ध ती ठरावीक नोंदणीकृत संस्थांना आणि सरकारी अभियोक्त्यांनाच आहे, आणि शासनाविरुद्ध तर केवळ सरकारी अभियोक्त्यांना.