वाचकांचे प्रश्न : हाय-हॅटची जोडी पारखताना

प्रश्न : ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो. दुकानात हाय-हॅटच्या, म्हणजे स्टँडवर पायानं उघडझाप होणाऱ्या दोन झांजांच्या, 14 इंची दोन जोड्या वाजवून पाहिल्या आणि जास्त खणखणीत वाटली ती घेतली. आता मंगल कार्यालयात ती कानाला टोचते, आणि ढोलकी सुरू झाली की तिचा ठेकाच ऐकू येत नाही. दुसरी जोडी घेताना नेमकं काय ऐकायचं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दुकानात जी जोडी मोठ्यानं वाजते ती चांगली वाटते, कानाची ही सवय सगळ्यांचीच आहे. तिथं ड्रमरचा कान झांजेपासून दोन-अडीच फुटांवर असतो, ऐकणारा मात्र वीस फुटांवर बसतो. म्हणून दुकानात सोबत कुणाला तरी न्या. त्याला वाजवायला बसवा आणि तुम्ही दाराजवळ पाठ करून उभे राहा. कुठली जोडी लावली आहे ते त्यानं सांगायचं नाही.

तुलना करताना झांजांखेरीज काहीच बदलू द्यायचं नाही. स्टँड एक, काठी एक. नायलॉनच्या टोकाची काठी आवाज उजळ करते, लाकडी टोकाची मऊ. काठी बदलली की जोड्यांची तुलना फसली. दोन झांजांमधलं अंतर पट्टीनं मोजून 2 सेंमी ठेवा. मग याच क्रमानं ऐका. आधी काठी न लावता नुसत्या पायानं सावकाश ‘चिक्’. मग जोडी बंद ठेवून वरच्या झांजेच्या पाठीवर काठीच्या टोकानं ठेका, त्यानंतर तोच ठेका काठीच्या खांद्यानं, म्हणजे टोकामागच्या निमुळत्या भागानं, कडेवर. मग पाय किंचित उचलून अर्धवट उघडा आवाज, आणि शेवटी उघडून पटकन बंद. शेवटच्या चाचणीत आवाज कापल्यासारखा थांबतो की मागं शेपूट राहतं, तिकडं लक्ष द्या. सगळं झालं की बेस ड्रम आणि स्नेअरसोबत पुन्हा एकदा. मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि जोड्यांमधला फरक पुसला जातो.

तुमच्या तक्रारीचं मूळ बहुधा वरच्या झांजेच्या जाडीत आहे. जाड झांज उंच सुरात, टणक वाजते. ढोलकीच्या उजव्या पुडीचा टोकदार आवाजही वरच्याच पट्टीत असतो, त्यामुळं दोन्ही एकमेकांवर चढतात. पातळ झांज काठीखाली लवकर खुलते, सूर खाली ठेवते आणि कडक भिंतींच्या हॉलमध्ये कमी बोचते. मैदानावर, उघड्या मंडपात मात्र तीच पातळ जोडी विरून जाते. तिथं तुमची जाड जोडीच कामाची, ती विकू नका.

जाडी हातानं कळत नाही, वजनानं कळते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही झांजा वेगवेगळ्या ठेवा. 14 इंचाची वरची झांज 900 ग्रॅमच्या आसपास असेल तर ती हलकीकडं झुकणारी, 1100च्या वर गेली की जड. खालची साधारणपणे वरचीपेक्षा जड असते, आणि ‘चिक्’ला धार देण्यात तिचा वाटा मोठा. एक बिनखर्चाचा प्रयोग नवीन खरेदीआधी जरूर करा : आहे त्याच जोडीतली खालची झांज काट्यावर हलकी निघाली तर वरची खाली आणि खालची वर लावून वाजवा. कधी कधी निम्मं काम तिथंच होतं.

मापाचं थोडक्यात. 13 इंची जोडी चटपटीत, आवाज आखूड, पायाला हलकी. 15 इंचीचा सूर खालचा, पसारा मोठा, पण जलद ठेक्यात पाय मागं पडतो. लग्नातली गाणी आणि लावणी दोन्ही वाजवणाऱ्यानं 14 इंच सोडू नये.

धातूचंही बघा. सुरुवातीच्या सेटसोबत येणाऱ्या पितळी झांजा ताटलीसारख्या वाजतात आणि त्यात जाडी-हलकेपणाची तुलना करण्यात अर्थ नाही. ‘बी 20’ म्हणजे 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. आपल्या काशाच्या अगदी जवळचा मिश्रधातू. ‘बी 8’मध्ये कथील 8 टक्के, आवाज सरळ, उजळ, थोडा एकसुरी.

प्रश्न : पायानं वाजवताना ‘चिक्’ऐवजी ‘फुस्स’ येतं. झांजा खराब झाल्या का?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : नाही. दोन्ही कडा एकाच वेळी पूर्ण चिकटल्या की आतली हवा कोंडते आणि आवाज गिळला जातो. खालच्या झांजेच्या बैठकीला एक तिरका स्क्रू असतो. तो फिरवून खालची झांज एका बाजूला थोडी उचला. मग वरची झांज आधी एका कडेला टेकेल आणि हवा निसटेल. स्क्रू नसेल तर खालच्या फेल्टच्या (झांजेखालच्या नमद्याच्या चकतीच्या) एका बाजूला जाड कापडाची घडी सरकवा. काही जोड्यांच्या खालच्या झांजेला भोकं किंवा लाटेसारखी कड असते, ती याच कारणासाठी.

तरीही आवाज मेलेला वाटला तर क्लच, म्हणजे वरची झांज दांड्यावर धरणारी पकड, पाहा. वरची झांज क्लचमध्ये आवळून धरली की गुदमरते. बोटानं हलवल्यावर ती 2-3 मिमी डुलायला हवी. क्लचची खालची चकती मात्र घट्ट, आणि वरच्या दोन्ही चकत्या एकमेकींवर आवळलेल्या, नाहीतर भर गाण्यात झांज निसटून खाली पडते.

प्रश्न : वरच्या झांजेला कडेला बोटाच्या पेराएवढी भेग गेली आहे. शिरोलीत फाउंड्रीत ओळख आहे, वेल्डिंग करून घेऊ का? आणि चिंचेनं घासली तर चालेल का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : वेल्डिंग अजिबात करू नका. काशाचं भांडं आपटलं की तडकतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘बी 20’ची प्रकृती तीच. कारखान्यात ही झांज तापवून पाण्यात विझवलेली असते, म्हणून ती मार सोसते. वेल्डिंगनं तापलेला भाग हळूहळू थंड झाला की ठिसूळ होतो आणि जोडाशेजारीच नवी भेग जाते. लोखंडाच्या ओतकामातला कुशल हातही इथं उपयोगाचा नाही. भेगेच्या टोकापुढं जेमतेम 3 मिमीचं भोक पाडून घ्या, ड्रिल सावकाश, तेलाचा थेंब टाकत, धातू तापू न देता. भोक टोकाच्या अलीकडं पडलं तर भेग पुढं धावतच राहते. यानं आयुष्य वाढतं, आवाज परत येत नाही. काठी कडेवर काटकोनात आदळणं हे भेगेचं नेहमीचं कारण. मनगट थोडं तिरकं करा.

चिंच नको, लिंबूही नको. काशाला आंबट सोसत नाही; कडा आणि झांजेवरच्या गोल खाचांत ओल राहिली की हिरवा कळंक धरतो, आणि आपल्या पावसाळ्यात तो आठवड्यात दिसतो. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसणं आणि लगेच कोरडं करणं, एवढंच. कार्यक्रमानंतर घामाचे डाग पुसल्याशिवाय झांज पिशवीत घालू नका.