ई. कोलाय जीवाणूमध्ये प्रोटीन भरपूर बनतं, पण १८ अंशांवरही सगळं पेलेटमध्येच (पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात) जातं. क्लोन (जीवाणूत घातलेला जीन) चुकलाय का?

क्लोनवर संशय घेण्याआधी एक विचारते: १८ अंश हा आकडा शेकरच्या (फ्लास्क फिरवत ठेवणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवरचा की फ्लास्कमधला?

तुमचा जेलवरचा बँड (प्रोटीनचा पट्टा) जाड आहे आणि योग्य उंचीवर आहे. म्हणजे प्रोटीन बनतंय, त्याची घडी तेवढी बसत नाहीये. बीएल२१(डीई३) या ई. कोलाय स्ट्रेनमध्ये आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) पडलं की टी७ पॉलिमरेज हे एन्झाइम इतक्या झपाट्याने आरएनए काढतं की प्रोटीनच्या अर्धवट दुमडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि इन्क्लूजन बॉडी (न विरघळणारे प्रोटीनचे गोळे) तयार होतात. थंडीत हा सगळा वेग मंदावतो, म्हणून तर १८ अंश.

मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. आमच्या शेकरला कूलिंग नव्हतं. तो तापवायचा, थंड करू शकायचा नाही, आणि डिस्प्लेवर दिसायचा तो सेट केलेला आकडा. मे महिना, रात्री एसी बंद. तीन आठवडे मी सीक्वेन्स, कोडॉन, बफर सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, रडकुंडीला आले. शेवटी नुसत्या पाण्याचा एक फ्लास्क रात्रभर शेजारी फिरवत ठेवला आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवला. २९! मग एसी रात्रभर चालू ठेवायची परवानगी काढली. पाणी २२ वर आलं आणि तेवढ्यानेही सुपरनॅटंटमध्ये (गाळावरच्या द्रवात) पहिल्यांदा बँड दिसला. ठाण्या-नवी मुंबईच्या उकाड्यात हे आधी तपासाच.

आणखी एक चूक सर्रास होते. ओडी (कल्चरमधली पेशींची दाटी दाखवणारा आकडा) ०.६ झाला की लगेच आयपीटीजी घालतात, तेव्हा कल्चर अजून ३७ वरच असतं. फ्लास्क आधी बर्फात गार करा, मग इंडक्शन (म्हणजे आयपीटीजी घालणं), तेही १ ऐवजी ०.१ मिलिमोलरने.

खरोखरच्या १८ अंशांवरही पेलेटच आलं, तर प्रोटीनमधले सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) मोजा. ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्ये दोन सिस्टीनमधले डायसल्फाइड बंध सहसा टिकत नाहीत. त्यासाठी शफल स्ट्रेन (हे बंध जुळू देणारा ई. कोलाय) घ्या. बंधांचा प्रश्न नसेल तर एमबीपी टॅग (प्रोटीन विरघळतं ठेवायला मदत करणारी जोड) लावून बघा. मात्र प्रोटीनला साखरेच्या साखळ्या लागतच असतील तर हा जीवाणू त्या लावत नाही, तिथे यीस्ट किंवा सस्तन पेशींकडेच वळावं लागतं.

तोवर पेलेट फेकू नका, उणे २० मध्ये ठेवा. ८ मोलर युरियात ते बहुधा विरघळतं, आणि हिस टॅग (प्रोटीनला जोडलेली हिस्टिडीनची शेपटी) तशा अवस्थेतही शुद्धीकरणाच्या निकेल कॉलमला धरतो. अँटिबॉडी बनवण्यासाठी कित्येकदा तेवढं पुरतं.

थर्मामीटरचा आकडा आणि सिस्टीन किती ते इथेच कळवा, मग पुढचं बघू.