बॉयलरचं कव्हर घ्यावं का? आधी मॅन्युअलची शेवटची पानं बघा

प्रश्न: आम्ही नुकतंच इंग्लंडमध्ये रीडिंगला घर घेतलं. कॉम्बी बॉयलर आहे (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा), सात वर्षांपूर्वी बसवलेला. गॅस कंपनीकडून कव्हरसाठी, म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती करून देणाऱ्या योजनेसाठी, सारखे फोन येतायत. महिना 22 पौंड, त्यात वर्षाची सर्व्हिस धरलेली, आणि प्रत्येक दुरुस्तीचे पहिले 60 पौंड आपले. घराच्या खर्चानंतर हाताशी 1,800 पौंड उरलेत. बाळ दीड वर्षाचं आहे, जानेवारीत आई-बाबा साताऱ्याहून येणार आहेत. कव्हर घेऊन टाकावं का?

उत्तर: नमस्कार. आज फोनवर हो म्हणू नका. तुम्ही जे विकत घ्यायला निघालात, ते कदाचित तुमच्याकडे आधीच असेल.

बॉयलरचं मॅन्युअल शोधा. बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरातल्या एखाद्या ड्रॉवरमध्ये किंवा आधीच्या मालकाने दिलेल्या फाइलमध्ये असतं. त्याच्या शेवटी ‘बेंचमार्क’ची पानं असतात. तिथे बसवल्याची तारीख, बसवणाऱ्याचा गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) क्रमांक आणि खाली दरवर्षीच्या सर्व्हिसचे रकाने दिसतील. आता बॉयलरच्या लेबलवरचा सिरियल नंबर घ्या आणि बॉयलर बनवणाऱ्या कंपनीला फोन करा. गॅरंटी किती वर्षांची, तिची नोंदणी झाली होती का, आणि मालक बदलल्यावर ती चालू राहते का, एवढंच विचारा. अनेक बॉयलरना 7 किंवा 10 वर्षांची गॅरंटी असते. मुख्य अट म्हणजे दरवर्षी सर्व्हिस झालेली हवी. सातही रकाने भरलेले असतील आणि गॅरंटी 10 वर्षांची असेल, तर आतले भाग आणि मजुरी अजून तीन वर्षं कंपनीकडे. मधलं एखादं वर्ष कोरं असेल तर कंपनी हात वर करू शकते, म्हणून हे आधी पक्कं करायचं.

दुसरं, घराच्या विम्याची पॉलिसी उघडा. गृहकर्ज असेल तर इमारतीचा विमा बहुधा काढलेला असणारच. त्यात ‘होम इमर्जन्सी’ जोडलेली आहे का बघा. असली तर हीटिंग बंद पडल्यावर साधारण 500 ते 1,000 पौंडांपर्यंतचा खर्च तिथून मिळू शकतो.

आता हिशेब. महिना 22 म्हणजे वर्षाला 264 पौंड. सर्व्हिस बाहेरून करून घेतली तर साधारण 100 लागतात. म्हणजे निव्वळ जोखमीसाठी तुम्ही 164 मोजताय. पंखा बदलायचा झाला तर मजुरीसकट 300 च्या आसपास जातात, सर्किट बोर्डला 400 पर्यंत. 300 च्या दुरुस्तीत 60 तुमचे गेल्यावर वाचतात 240. म्हणजे दर दीड वर्षाला एक अशी दुरुस्ती निघाली, तरच बरोबरी होते. वेळेवर सर्व्हिस झालेला सात वर्षांचा बॉयलर इतक्या वेळा बिघडत नाही.

खरी भीती असते ती अख्खा बॉयलर बदलण्याची, 2,000 ते 3,500 पौंडांची. आणि नेमकं तिथेच बरीच कव्हर तोकडी पडतात. नवा बॉयलर देण्याची हमी अनेकदा सात वर्षांखालच्या बॉयलरलाच असते. तुमचा ती रेघ ओलांडतोय. हे कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

गाळ आणि क्षार हेही बहुधा वगळलेले असतात, आणि रीडिंगचं पाणी जड आहे. कॉम्बीमध्ये नळाचं पाणी तापवणाऱ्या छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसले की शॉवरचं पाणी मधूनच गरम, मधूनच गार येतं. रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागत असेल, तर तळाशी लोखंडाचा काळा गाळ साचलाय. तो काढायला पॉवरफ्लश (जोराने पाणी फिरवून रेडिएटर आणि पाइप धुणं) लागतो, खर्च 400 पौंडांच्या पुढे, आणि कव्हर असूनही तो तुमच्याच खिशातून जातो. बॉयलरखालच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर आहे का बघा. नसेल तर पुढच्या सर्व्हिसला बसवून घ्या. तो खर्च मला कव्हरपेक्षा जास्त पटतो.

हिवाळ्यातल्या पुष्कळ तक्रारींत तर दुरुस्तीच नसते. प्रेशरचा काटा 1 बारच्या खाली गेला की बॉयलर बंद पडू शकतो. खाली चंदेरी वेणीसारखी नळी असेल, तिच्या दोन्ही टोकांच्या चाव्या हळूच उघडा, काटा 1.2 ते 1.5 वर आला की दोन्ही घट्ट बंद करा. दर आठवड्याला काटा उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (प्रेशर सांभाळणारी छोटी टाकी) गेलंय, माणूस बोलवा. कडक थंडीत बॉयलरमधून गुडगुड आवाज येऊन तो बंद पडला, तर बाहेर जाणारा पांढरा प्लास्टिकचा पाइप गोठलाय. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि रीसेट दाबा. बॉयलरचं झाकण मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसानेच उघडायचं.

बाळाची आणि आई-बाबांची काळजी अगदी रास्त आहे. पण कव्हर असलं म्हणून माणूस त्याच दिवशी येईल असं नाही. पहिल्या मोठ्या थंडीत सगळेच फोन करतात. तेलाचे दोन इलेक्ट्रिक रेडिएटर घेऊन ठेवा, साधारण 50 पौंडांना एक. बाळाची आणि आई-बाबांची खोली एक-दोन रात्री त्यावर निघेल.

गॅरंटी जिवंत असेल तर माझं मत स्पष्ट आहे. कव्हर नको. 1,800 पैकी 600 वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि तेच 22 पौंड दरमहा तिथे वळते करा. दोन वर्षांत व्याज सोडून 1,128 होतात, आणि काही बिघडलं नाही तर ते तुमचेच राहतात.

गॅरंटी गेलेली असेल आणि नर्सरीची फी भरून ते 600 सुद्धा बाजूला राहणार नसतील, तर एका वर्षापुरतं कव्हर घ्या. एका झटक्यात 400 काढणं जड जाणाऱ्या घराला त्याचा खरा उपयोग आहे. फक्त बॉयलर आणि कंट्रोलचं घ्या, प्लंबिंग आणि वायरिंग जोडलेलं महागडं पॅकेज नको. सुरुवातीचे 14 ते 30 दिवस बहुधा दावा करता येत नाही, म्हणून आई-बाबा यायच्या बरंच आधी घ्या. तो विमा आहे की नुसता सर्व्हिसचा करार, हेही विचारा. विम्याची तक्रार फायनान्शियल ऑम्बड्समनकडे (आर्थिक कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी संस्था) नेता येते, कराराला ते संरक्षण बहुधा नसतं. आपोआप होणारं नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा, दुसऱ्या वर्षीचा हप्ता बऱ्याचदा वाढलेला असतो.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच लागत नाही. 0800 111 999 वर फोन करा, तो मोफत आहे. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो याच आठवड्यात आणा, 20 पौंडांच्या आसपास मिळतो.