आधी तुझी लाईन मोज

प्रिय मुली,

तुझा निरोप मिळाला. 'काका, युनियन करायची आहे, कुठल्या नेत्याला भेटू?' नेत्याला भेटायचंच आहे, पण आज नाही. आधी सांग, कारखान्यात तू काम करतेस त्या लाईनवर किती जणी आहेत? कायम किती, कंत्राटी किती, ट्रेनी किती? कोण कुठल्या बसने येते, डब्याला कोणाजवळ बसते? आणि सुपरवायझर ओरडला की बाकीच्या कोणाच्या तोंडाकडे बघतात? ती बाई शोध. ती बडबडी नसेलही. बहुतेक वेळा कामात सगळ्यांत चोख तीच असते. तिच्याकडे गेलीस की आधी तिला बोलू दे.

आम्ही चुकलो ते इथेच. आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीतल्या अकरा जणांनी मागणीपत्र लिहिलं, सह्या ठोकल्या आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलं. रात्रपाळीला पत्ताच नव्हता. आठवड्याच्या आत चौघे निलंबित झाले आणि रात्रपाळीने मशिनी चालू ठेवल्या. मला त्यांचा फार राग आला होता. पण त्यांना आम्ही विचारलं कुठे होतं? पुढची दोन वर्षं एकेकाच्या खोलीवर जाऊन बसलो, तेव्हा कुठे युनियन उभी राहिली.

1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षीची. सुरुवातीला सभासद काहीशे, वर्षअखेरीला पन्नास हजारांवर. डांगे, मिरजकर, जोगळेकर या पुढाऱ्यांची नावं लोकांना आठवतात. पण खात्यातलं गाऱ्हाणं घेऊन तिथल्या तिथे जाब विचारणाऱ्या कामगारांच्या गिरणी कमिट्या होत्या, त्यांतल्या माणसांची नावं फारशी कोणाला आठवत नाहीत. युनियन तळात धरून ठेवली ती त्यांनी.

कागदाचं थोडक्यात. नोंदणीला किमान सात सभासद हवेत, शिवाय एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी तेवढे. एकाहून जास्त युनियन असतील, तर एकटीने वाटाघाटी करायला नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. कंत्राटी मुली ठेकेदाराच्या पटावर, म्हणून त्या या हिशेबात येत नाहीत. तेवढ्यासाठी त्यांना बाजूला ठेवू नकोस. तुमच्या हातातलं काम उद्या त्यांच्याच हातात दिलं जाईल.

बाथरूमला जायला रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ तुझ्या जागी काम बघणारी, मिळत नाही, असं तू मागे म्हणाली होतीस. तिथूनच सुरुवात कर. पगारवाढीचं नंतर. चहाच्या सुट्टीत सात-आठ जणी मिळून सुपरवायझरसमोर उभ्या राहा. कोण काय बोलणार ते आदल्या दिवशी ठरवा, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. ती वही कंपनीत नेऊ नकोस, आणि मोबाईलच्या ग्रुपवर कोणाचं नाव टाकू नकोस.

रविवारी मी घरीच आहे. आकडे घेऊन ये, आणि एखाद्या कंत्राटी मैत्रिणीलाही बरोबर आण.

तुझा,
काका