दगावलेल्या म्हशीची आयकरात वजावट मिळते का?

करवीर तालुक्यात आपला बारा म्हशींचा गोठा आहे, गेल्या वर्षी त्यांतील एक म्हैस दगावली व दुसरी सड निकामी झाल्याने विकावी लागली. दूध हे शेतीचेच उत्पन्न म्हणून करमुक्त आहे का आणि नसल्यास या म्हशींवर घसारा (वापराने होणाऱ्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात करसल्लागार असून दूध उत्पादकांची विवरणपत्रे दरवर्षी भरतो.

दूध करमुक्त नाही. आयकर कायद्यात शेतीचे उत्पन्न म्हणजे जमिनीतून, मशागत-पेरणीसारख्या कामांतून येणारे उत्पन्न, आणि केवळ दुग्धव्यवसाय त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनयकुमार सहास रॉय खटल्यात १९५७ सालीच स्पष्ट केले आहे. त्यामुळे दर दहा दिवसांचे दूध बिल आणि दिवाळीला मिळणारा दूध दराचा फरक, दोन्ही धंद्याची जमा म्हणून धरावे लागतात.

म्हशीवर घसाराही मिळत नाही, कारण कलम ४३(३) मधील यंत्रसामग्रीच्या व्याख्येतून जनावरे वगळलेली आहेत. मात्र कलम ३६(१)(६) मध्ये त्याऐवजी वेगळी सोय आहे: विक्रीचा माल म्हणून नव्हे तर धंद्यात वापरण्यासाठी ठेवलेले जनावर मेले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर त्याची प्रत्यक्ष खरेदी किंमत आणि त्यापोटी हाती आलेली रक्कम यांतील फरक त्या वर्षी एकदम वजा मिळतो. समजा, दगावलेली म्हैस १,२०,००० रुपयांची होती आणि विम्याचे ७०,००० मिळाले, तर वजावट ५०,०००. ९५,००० ला घेतलेली दुसरी ३०,००० ला विकली असेल, तर ६५,०००. ऊस वाहतुकीच्या बैलजोडीलाही हेच कलम लागू होते. गोठ्यातच जन्मलेल्या रेडीची मात्र खरेदी किंमत नसते, आणि तिच्या संगोपनाचा खर्च वैरण-पेंडीत आधीच धरलेला असतो, म्हणून तिच्यासाठी ही वजावट मिळत नाही.

खरी अडचण येते ती पैसे कसे दिले यावर. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन घेतलेल्या मालमत्तेची ती रक्कम कलम ४३(१) प्रमाणे प्रत्यक्ष किमतीत धरलीच जात नाही. बाजारात नोटा मोजून घेतलेली लाखाची म्हैस मेली, तर वजावट शून्य होते, आणि हे ऐकताना समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे मला आजही जड जाते. २०१९ च्या महापुरानंतर एक दूध उत्पादक माझ्याकडे आले होते. पावत्यांचा डबा पाण्यात गेला होता. त्यांनी रुमालात बांधून आणला होता तो फक्त म्हशीच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला. कर्जाची रक्कम बँकेने थेट विकणाऱ्याच्या खात्यात भरली होती, त्या एका नोंदीवर त्यांची वजावट उभी राहिली.

वैरण, सरकी पेंड, डॉक्टरांची फी, कर्जाचे व्याज, गोठ्याच्या बांधकामावर १० टक्के आणि कडबाकुट्टी किंवा धार काढण्याचे यंत्र यांवर १५ टक्के घसारा, हे नेहमीप्रमाणे मिळते. जनावराच्या विम्याचा हप्ता दूध संघाने भरला असेल तर तो संघाचा खर्च ठरतो, आपला नाही.

तरीही वजावट मागण्याआधी कलम ४४कघ (इंग्रजीत 44AD) खालील अनुमानित उत्पन्नाचा हिशेब अवश्य करून पाहावा. त्यात बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के आणि रोख जमेवर ८ टक्के उत्पन्न धरतात, पण मग म्हशीच्या नुकसानीसह कोणताही खर्च वेगळा मागता येत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यास सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून माझ्या मते बारा म्हशींच्या गोठ्याला बहुधा हाच मार्ग सोयीचा आहे. मात्र एकदा तो धरून पाच वर्षांच्या आत सोडला, तर पुढील पाच वर्षे तो बंद होतो.

ही कलमे १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. दगावलेल्या म्हशीचा शवविच्छेदन अहवाल जपून ठेवावा, आणि विकलेल्या म्हशीचे सड कायमचे निकामी झाल्याचा बिल्ला क्रमांकासह दाखला, तिच्यावर उपचार केलेल्या पशुवैद्यकांकडून त्यांच्या नोंदवहीच्या आधारे लवकर घ्यावा.