फुलांची वेळ, पाहुण्यांची वेळ

वेंगुर्ला, चैत्र

प्रिय बाय,

तुझा निरोप मिळाला. रविवारी आठ-दहा माणसं दुपारी जेवायला यायचीत, घर नवीन, आणि तू शहरातून जरबेरा नि कार्नेशन मागवायच्या विचारात आहेस. मागवू नकोस गो. ती फुलं वाईट नाहीत, पण या दमट उकाड्यात एवढा प्रवास करून आली की दुपारपर्यंत माना टाकतात. त्यांच्याबरोबर येणारा तो हिरवा स्पंजही नको. तो प्लॅस्टिकच्याच जातीचा, कुजत नाही, आणि त्याचा भुगा परसात वर्षानुवर्षं तसाच राहतो. फुलं उभी राहायला अरुंद तोंडाचा तांब्या पुरतो. तोंड रुंद असेल तर आत दोन-चार काटक्या आडव्यातिडव्या अडकव आणि पाण्यात बुडणारी पानं आधी काढून टाक, नाहीतर पाण्याला वास येतो.

आपल्याकडच्या प्रत्येक फुलाची वेळ ठरलेली असते. ती ओळखून पाहुण्यांची सोय लावलीस तर घर सजवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. जास्वंद सकाळी उमलते आणि पाण्यात ठेव वा न ठेव, दिवसभर टवटवीत राहते, म्हणून ती दुपारच्या जेवणाची. गुलबाक्षी चारच्या सुमारास डोळे उघडते, ती चहाच्या वेळेची. जेवून मंडळी लवंडली, उठली, की चहा मागच्या पडवीत दे, तिथूनच ती दिसते ना तुझी? अनंत आणि सोनचाफा यांना फार हात लावायचा नाही. बोटं लागली की पाकळी काळवंडते. देठाला धरून उथळ वाडग्यातल्या पाण्यात सोडून दे, बस्स.

आणि सुरंगी! तिचे दिवस आता संपत आलेत, म्हणून घाई कर. सुरंगीचं झाड कधी जवळून बघितलंयस का? फुलं कोवळ्या शेंड्याला नाही, जुन्या जाड फांदीलाच लगडतात, झुबक्यांनी. कळी वाटाण्यासारखी गोल. उमलली की पाकळ्या मागे वळतात आणि दिसतो तो नुसता पिवळ्या केसरांचा पुंजका. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या आसोली गावाकडची माणसं पहाटेच झाडावर चढतात, कारण ऊन चढायच्या आत कळी खुडावी लागते. उमललेल्या फुलाचा वळेसर, म्हणजे गजरा, टिकत नाही. उंच झाड, अंधार, ओल्या दवाने निसरडी फांदी, हे सगळं त्या एवढ्याशा वळेसरामागे असतं. म्हणून बाजारात बसलेल्या बाईशी त्याच्या किमतीवरून घासाघीस करू नकोस. आणि सुकला म्हणून टाकूही नकोस. लुगड्यांच्या घडीत ठेव, वास कितीतरी दिवस राहतो.

वळेसर वाटायची वेळ येईल तेव्हा एक गोष्ट मनापासून सांगते. तुझ्या सासूबाईंची बहीण येणार आहे, यजमान गेल्यापासून तिने फूल माळलेलं नाही. सगळ्यांना देताना तिच्यापाशी हात आखडू नकोस. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. एक आख्खं गाव ठरवू शकतं, तर आपल्या पडवीत आपण का नाही? फक्त चारचौघांत तिच्या केसात खोचायला जाऊ नकोस. माळायचं की हातात धरून वास घ्यायचा, ते तिचं तिला ठरवू दे.

आता रंग. तुझ्या घराची पुढची भिंत जांभ्या दगडाच्या उघड्या चिऱ्यांची आहे. जांभ्यासमोर अबोली ठेवलीस तर ती हरवून जाईल, तांबड्यावर केशरी उठतच नाही. तिथे पांढरं आणि पिवळं हवं: तगर, मोगरा, सोनचाफा. अबोली आतल्या चुन्याच्या भिंतीपाशी ने, तिथे ती अशी उजळते की बघत राहशील. तिला वास नाही हाही तिचा गुणच, कारण जेवणाच्या जागेजवळ वासाची फुलं ठेवायची नसतात. गरम भात पानावर पडला की केळीच्या पानाचा जो वास सुटतो तो मोगऱ्याने झाकून टाकू नये. मोगरा हात धुवायच्या जागी ठेव, किंवा दारात, चपला काढतात तिथे. आणि निळा रंग हवा असेल तर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला अंजनी फुललीय का बघ. फांदीला चिकटलेले ते जांभळट निळे झुबके पानांशिवायच शोभतात. एखादीच डहाळी आण, सगळं झाड ओरबाडू नकोस.

रंग पानातही असतो. केळीचं पान हिरवं, म्हणून हिरवी चटणी त्यावर दिसत नाही. त्यापेक्षा सुक्या मिरचीची लाल खोबऱ्याची चटणी वाट. पानाचं अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे तुला ठाऊक आहेच. लाल माठाची भाजी केलीस तर तिचा रस भाताला गुलाबी करतो, लहान मुलांना ते फार आवडतं. ओले काजूगर मिळतायत तोवर उसळ तीच कर, दुसरी कसली करूच नकोस. सोलकढी काचेच्या पेल्यांतून दे, तिचा रंग हाच अर्धा आनंद आहे. आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, जपून घाल, जास्त झालं की नारळाचा रस फाटतो. आणि आजेसासूबाईंची ती सुंदर पितळी कळशी कढीसाठी वापरायचा मोह होईल, पण तिला कल्हई नाही. आंबट कळकेल. तिच्यात फुलं ठेव.

मेणबत्त्या आणि दिव्यांच्या माळा यांबद्दल विचारलं होतंस. दुपारच्या जेवणाला त्यांचं काही काम नाही.

माणसांचं मात्र आधी विचारून घे. मासे कोण खातं, कुणाचा उपास आहे, साखर कुणाला वर्ज्य, हे दोन दिवस आधी फोन करून विचारलं तर कुणाला पानावर बसल्यावर संकोच होत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बाकडं मांड, पण एकट्याच म्हातारीला वर बसवू नकोस; तिच्याशेजारी तूही बस, म्हणजे तिला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. बाहेरून उन्हात आलेल्याला आधी गूळ-पाणी दे, सरबताचं मग बघू. आणि सगळं रांधून साडेबाराला चुलीपासून बाजूला हो. यजमानीण घामाघूम होऊन आत-बाहेर करत राहिली की पाहुण्यांनाही घास गोड लागत नाही. एखादा पदार्थ कमी कर, पण पहिल्या पंगतीलाच त्यांच्याबरोबर बस.

सुपारीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाचे ते रुंद पापुद्रे, मी धुऊन वाळवून ठेवल्यात, फुलं मांडायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. शनिवारी संध्याकाळी न्यायला ये. केळीची पानं मात्र आदल्या दिवशी कापू नकोस, शिळी झाली की घडीवर फाटतात. रविवारी सकाळीच काप, आणि दोन जास्तीची ठेव. आपल्याकडे सांगितल्यापेक्षा माणसं दोन जास्तच येतात.

तुझी,
काकी