इंग्रजीतली हल्लीची यंग अॅडल्ट रहस्यकथा आणि फँटसी पुस्तकं खरंच चांगली असतात का? 14 वर्षांच्या मुलीला कुठलं घेऊन द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी रील्स बघून रोज नवीन पुस्तकाचं नाव सांगते, ती सगळी एकसारखी वाटतात, त्यात काही दम असतो की नुसती कव्हरं चकचकीत. दम असतो. सगळ्यांत नाही, पण ज्यांत असतो त्यांत इतका असतो की मी चाळिशीत ती पुस्तकं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचलीयत.

माझी सुरुवात भाचीमुळे झाली. ती मागेल ते पुस्तक आधी आपण वाचून बघायचं मग द्यायचं एवढाच हेतू होता, ती आता अकरावीत आहे आणि मी अजून वाचतेय. आमच्या वेळी काय होतं, फास्टर फेणे संपला की थेट आजोबांच्या ट्रंकेतले बाबूराव अर्नाळकर नाहीतर नारायण धारप, मधली पायरीच नव्हती. तेरा ते अठरा या वयातल्या मुलीला स्वतःच्या वयाचं कुणीतरी गोष्टीच्या मधोमध उभं असलेलं दिसावं, ही मधली पायरी ही पुस्तकं देतात आणि मला ती फार मोलाची वाटते.

आता चांगलं-वाईट कसं ओळखायचं, तर मी एकच गोष्ट बघते. गोष्टीत जे माणूस मेलंय त्याला पुस्तकात जागा किती आहे. पुष्कळ रहस्यकथांत पहिल्या वीस पानांत कुणीतरी मरतं आणि नंतर ते फक्त कारण उरतं, सगळे क्लू शोधत हिंडतात आणि त्या माणसाला कुणी रडत नाही. अशी पुस्तकं एका बसणीत संपतात पण दोन आठवड्यांनी खुनी कोण होता तेही आठवत नाही.

याच्या बरोबर उलट हॉली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'. 2019 चं पुस्तक, लिटल किल्टन नावाचं छोटं इंग्लिश गाव (अमेरिकन आवृत्ती हातात आली तर गाव फेअरव्ह्यू दिसेल, गोंधळू नका, गोष्ट तीच आहे). पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही शाळकरी मुलगी गायब झाली, तिचा बॉयफ्रेंड साल सिंग मेलेला सापडला, त्यानेच तिला मारून आत्महत्या केली असं पोलिसांनी ठरवलं आणि गावानेही. पिप नावाची 17 वर्षांची मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी हीच केस घेते, कारण लहानपणी साल तिच्याशी चांगला वागलेला तिला आठवतो, तेवढ्यावर तिचा विश्वास आहे. यातला सालचा धाकटा भाऊ रवी मला सगळ्यात जवळचा वाटतो. हे भारतीय वंशाचं घर, मुलगा गेला त्याचं दुःख आहेच पण खुन्याचं घर म्हणून गाव तोंड फिरवतं, म्हणजे त्यांना उघडपणे सुतक पाळायचीही सोय नाही. पिप प्रश्न विचारायला लागते तेव्हा शोध फक्त खुन्याचा राहत नाही, एका घराला त्यांचा मुलगा परत मिळण्याचा होतो, आणि वाचताना आपल्याला निकालाची घाई त्यासाठी असते.

मांडणीही छान आहे, मध्येमध्ये पिपच्या नोंदी येतात, मुलाखती जशाच्या तशा, नकाशे, संशयितांची यादी. भाचीने वाचताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानापासून स्वतःची यादी सुरू केली होती, कोण किती वाजता कुठे होतं असे रकाने पाडून, आणि एका नावावर तीनदा काट मारून तीनदा परत लिहिलं होतं. ती वही मी जपून ठेवलीय. याचा दुसरा भागही चांगला आहे. तिसरा मात्र फार अंधारा आहे, त्यात पिप जे करते त्यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर वाद झालेत, तो भाग सोळाच्या आत देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅरन मॅकमॅनसचं 'वन ऑफ अस इज लाइंग' (2017) तुमच्या मुलीच्या यादीत नक्की असणार. शाळेत शिक्षा म्हणून पाच जणांना एका खोलीत बसवतात, त्यातला गॉसिप अॅप चालवणारा मुलगा मरतो, उरलेले चौघे संशयित आणि चौघे आळीपाळीने गोष्ट सांगतात. वेग जबरदस्त, प्रवासात वाचायला उत्तम, पण मेलेल्या मुलासाठी कुणाला काही वाटलंय असं मला फारसं दिसलं नाही. 'द इनहेरिटन्स गेम्स'मध्ये एक अब्जाधीश म्हातारा 46.2 अब्ज डॉलर एका अनोळखी मुलीला ठेवून जातो, अट एवढीच की वर्षभर त्याच्या वाड्यात राहायचं. कोडी आवडत असतील तर मजा येते.

आता जे पुस्तक मी सगळ्यात वर ठेवते ते अँजेलिन बूलीचं 'फायरकीपर्स डॉटर', 2021 चं, 2022 मध्ये त्याला अमेरिकेतला किशोरांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. मिशिगनच्या उत्तर टोकाला सू सेंट मरी आणि शेजारचं शुगर आयलंड, तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची गोष्ट, लेखिका स्वतः त्याच जमातीची. डॉनिस 18 वर्षांची, आई गोरी, वडील ओजिब्वे, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नाही म्हणून जमातीच्या नोंदीत ती नाही. मामा नुकताच गेलाय, मग तिच्या डोळ्यांदेखत एक खून होतो, वस्तीत ड्रग्ज येतायत, आणि एफबीआयला तिची मदत हवी असते कारण तिला रसायनशास्त्र कळतं आणि आपल्या लोकांची झाडपाल्याची औषधंही. ती सकाळी पळायला निघते तेव्हा आधी झाडापाशी चिमूटभर तंबाखू ठेवून प्रार्थना करते. त्यांच्या भाषेतले शब्द लेखिका बिनधास्त तसेच ठेवते, प्रत्येकाचा अर्थ सांगत बसत नाही, आणि मला ते इतकं आवडलं, कारण आपणही 'ओटी भरली' लिहिताना खाली टीप देत नाही ना, ज्याचं घर आहे त्याने दारात अर्थ सांगत का उभं राहायचं. यात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, तेव्हा आधी तुम्ही वाचा. हळू सुरू होतं, पहिली शंभर पानं धीर धरा.

फँटसीतही मी तेच बघते. ट्रेसी डिऑनचं 'लेजंडबॉर्न' (2020) घ्या. ब्री ही 16 वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, आई अपघातात गेली त्याला जेमतेम तीन महिने झालेत आणि ती नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिल युनिव्हर्सिटीत शिकायला येते, तिथे ब्रिटिश दंतकथांतल्या राजा आर्थरच्या सरदारांच्या वंशजांची गुप्त संघटना आहे. पहिल्या दीडशे पानांत पदव्या, घराणी, नियम यांचा इतका मारा होतो की मी दोनदा बाजूला ठेवलं होतं, हा दोष आहेच. पण पुढे कळतं की आर्थरची वंशावळ सोन्याने मढवून ठेवणाऱ्या त्याच जागेत गुलामांच्या नाव नसलेल्या कबरी आहेत, आणि ब्रीचं आईविषयीचं दुःख तिथपर्यंत जाऊन पोचतं. कुणाला आपले पूर्वज मोजता येतात आणि कुणाला नाही, हा प्रश्न जादूच्या गोष्टीतून इतक्या थेट विचारलेला मी दुसरीकडे वाचला नाही.

ब्री स्वतःला आई जायच्या आधीची ब्री आणि नंतरची ब्री अशी दोन नावं देते. माझे वडील गेले त्याच वर्षी भाची हे वाचत होती, घरात सगळे तिला सांगत होते आता रडू नकोस, आजीकडे बघ. त्या पानात तिने एसटीचं तिकीट घालून ठेवलं होतं आणि एका रात्री मला विचारलं, मावशी, आजोबांच्या आधीची मी कशी होते गं? मला उत्तर आलं नाही, आम्ही दोघी गॅलरीत बसून आजोबांबद्दल बोललो, तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज' थोडं जुनं, 2015 चं, पण अजून त्याच्या तोडीची चोरीची गोष्ट फँटसीत मला सापडलेली नाही, आणि चोरांचा म्होरक्या काझ हातमोजे का काढत नाही हे कळतं तिथे पुस्तक खाली ठेवून बसावं लागतं. टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (2018) आफ्रिकेच्या योरुबा परंपरेतून आलेलं, सुरुवात भन्नाट, फक्त प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपवायचा हट्ट शेवटी दमवतो.

आणि एक महत्त्वाचं, 'फोर्थ विंग' मागितलं तर थांबा. ड्रॅगन आहेत, कॉलेज आहे, यादीत ते यांच्याच शेजारी दिसतं, पण ते मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे आणि शय्यादृश्यं अगदी उघड आहेत. यात मुलीला रागवण्यासारखं काही नाही, रील करणारे सगळं एकाच ढिगात टाकतात.

तर 14 च्या मुलीला पिपपासून सुरू करू द्या, मग ब्री, आणि डॉनिस दोन वर्षांनी. पिपच्या पुस्तकाबरोबर एक कोरी वही पण द्या, लागेलच.